बिशप सॅम्युएल अजायी क्राउदर

पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात सिएरा लिओन हा देश चटकन दृष्टीस पडत नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडे कमीच. उत्तरेस गिनी, आग्नेयेस लायबेरिया, पश्चिमेस अटलांटिक महासागर. किनारा बहुतेक दलदलीचा व खारफुटीचा. परंतु राजधानी फ्रीटाउनपाशी हिरवे डोंगर थेट समुद्राला येऊन भिडतात. पाऊस तर आमच्या कोकणाची आठवण व्हावी असा कोसळतो. इ. स. १४६२ मध्ये पेद्रो द सिंत्रा या पोर्तुगीज दर्यावर्द्याने त्या डोंगरांस सिंहाचे पर्वत अशा अर्थाचे नाव दिले, तेच पुढे देशाचे झाले. ज्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत, तो या देशी जन्मला नव्हता. परंतु त्याचा पुनर्जन्म येथेच झाला असे म्हटल्यास चूक होणार नाही.

अजायी याचा जन्म इ. स. १८०९ च्या सुमारास, आज नायजेरियात मोडणाऱ्या योरुबा प्रांतातील ओसोगुन गावी झाला. इ. स. १८२१ मध्ये गुलाम पकडणाऱ्या टोळीने गावावर धाड घातली. बारा-तेरा वर्षांचा हा मुलगा, त्याची आई व भावंडे गळ्यात दोर अडकवून नेली गेली व त्यांची ताटातूट झाली. एकदा तर एका घोड्याच्या मोबदल्यात त्याचा सौदा झाला! हातोहात विकला जात तो लागोसच्या बंदरी पोहोचला आणि तेथे एका पोर्तुगीज जहाजात कोंबला गेला. एप्रिल १८२२ मध्ये इंग्रजी आरमाराने ते जहाज पकडले आणि १७ जून रोजी अजायी फ्रीटाउनच्या धक्क्यावर उतरला.

फ्रीटाउन हे शहर मुळी मुक्त झालेल्या गुलामांसाठीच वसविलेले. इ. स. १७८७ ची पहिली वसाहत टिकली नाही. १७९२ साली नोव्हा स्कोशियाहून सुमारे अकराशे लोक आले व ती पुन्हा उभी राहिली. ही भूमी मुळात तेम्ने लोकांची होती, व नव्या वसाहतीशी त्यांचे खटके उडाले, हेही विसरता कामा नये. इ. स. १८०७ मध्ये इंग्लंडने गुलामांचा व्यापार बंद केल्यावर पकडलेल्या जहाजांतील माणसे येथेच आणून सोडीत. शंभराहून अधिक भाषा बोलणारी माणसे त्या चिमुकल्या द्वीपकल्पावर एकत्र नांदू लागली! त्यांच्या सरमिसळीतून क्रिओ ही बोली घडली व आज ती साऱ्या देशाची व्यवहारभाषा झाली आहे.

अजायीस शाळेत घातले. सहा महिन्यांत तो वाचू लागला, सुतारकामही शिकला. इ. स. १८२५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन त्याने सॅम्युएल क्राउदर हे नाव धारण केले. इ. स. १८२७ मध्ये फूरा बे कॉलेज निघाले, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत क्राउदर होते. त्यांच्याप्रमाणेच गुलामांच्या जहाजातून सुटलेल्या सुसान हिच्याशी पुढे त्यांचा विवाह झाला.

इ. स. १८४१ च्या नायजर नदीवरील मोहिमेत कित्येक गोरे तापाने दगावले. क्राउदर मात्र परत आले, व १८४३ साली लंडनला त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी त्यांचा योरुबा शब्दसंग्रह छापून निघाला. हे काम किती बिकट! योरुबा भाषेत स्वराच्या चढउताराने अर्थ पालटतो. अक्षरे तीच राहून नवरा, कुदळ व वाहन असे तीन निरनिराळे शब्द होतात. परक्या कानास जे उमगत नव्हते, ते या मुलाने आईच्या मांडीवर शिकून घेतले होते.

आणि ती आई? इ. स. १८४६ च्या ऑगस्टमध्ये क्राउदर अबेओकुटा शहरी राहावयास गेले, तेव्हा ती जिवंत असल्याचे कळले. पंचवीस वर्षांनी मायलेकरे समोरासमोर आली. दोघांच्याने बोलवेना, ती थरथर कापत होती. मुलाच्या हातून धर्मग्रंथाचे भाषांतर होत असता ती त्याच्याच घरी राहिली, व १८४८ साली तिने बाप्तिस्मा घेतला. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग हाच होय. बिशपपद त्यामागून येते.

ते पद २९ जून १८६४ रोजी कँटरबरी येथे मिळाले. अँग्लिकन मंडळीचे हे पहिले आफ्रिकी बिशप. नायजर नदीकाठचे त्यांचे बहुतेक सहकारी सिएरा लिओनचेच होते. परंतु कालांतराने इंग्लंडहून तरुण मिशनरी आले. त्यांनी या आफ्रिकी सेवकांवर नाना ठपके ठेवले आणि १८९० मध्ये ऐंशी वर्षांच्या बिशपांसमक्षच त्यांपैकी काहींस दूर केले. काही तक्रारी खऱ्याही असतील. तथापि ज्या उद्धटपणाने हे घडले त्याचे समर्थन होऊ शकत नाही. क्राउदर यांनी त्या समितीचा राजीनामा दिला. ३१ डिसेंबर १८९१ रोजी लागोस येथे त्यांचे देहावसान झाले, व त्यांच्या जागी गोऱ्या बिशपाची नेमणूक झाली.

इ. स. २०१४ च्या २९ जून रोजी, त्यांच्या दीक्षेस दीडशे वर्षे झाली त्या दिवशी, कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्याच कॅथेड्रलात उपासना भरवून या अन्यायाबद्दल क्षमा मागितली.