मलिक अंबर आणि खडकीचे पाणी

मराठवाड्याचा इतिहास अभ्यासताना मलिक अंबरचे नाव आपल्याला दोन प्रकरणांत हमखास भेटते. पहिले प्रकरण गनिमी काव्याचे आणि दुसरे जमीन महसुलाचे. परीक्षेच्या दृष्टीने ही दोन प्रकरणे तयार केली की विद्यार्थ्याचे काम भागते. त्याने खडकी नावाचे शहर वसवले आणि तेथे नहर खोदली, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात दोन-चार ओळींत उरकली जाते. वस्तुतः त्याच्या लढायांचे निकाल केव्हाच पुसले गेले, त्याने वाचवलेली निजामशाही त्याच्यामागे दहा वर्षांत बुडाली. पण त्याने वसवलेले शहर अद्याप नांदते आहे. म्हणून या माणसाकडे एक नगर वसवणारा म्हणून पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात आला. पुढे १६१७ मध्ये त्याला भेटलेल्या एका डच व्यापाऱ्याने नमूद करून ठेवले आहे की, येमेनमधील मोखा बंदरात या मुलाची किंमत ८० गिल्डर ठरली होती. तेथून तो बगदादेस गेला. तेथील मीर कासीम नावाच्या धन्याने त्याची हुशारी ओळखली, त्याला लिहायला-वाचायला, हिशेब आणि कारभार शिकवला आणि त्याचे नाव अंबर ठेवले. ज्या माणसाला स्वतःचे गाव, घर आणि नावसुद्धा राहिले नव्हते, त्याच्या पदरात विद्या तेवढी पडली. ती त्याला जन्मभर पुरली.

नंतर अंबर दक्षिणेत आणला गेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःच एके काळचा हबशी गुलाम होता. दक्षिणेतल्या त्या काळच्या राज्यांत गुलामाला सेनापती आणि प्रधान होण्याची वाट पूर्णपणे बंद नव्हती, हे यावरून दिसते. राज्य कसे चालते याचे धडे अंबरने या धन्याच्या हाताखाली गिरवले. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. काही वर्षे त्याने विजापूरकरांची चाकरी केली, 'मलिक' हा किताब मिळवला आणि १५९५ च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, दीडशे स्वारांचे लहानसे पथक घेऊन तो पुन्हा निजामशाहीत परतला.

ती वेळ मोठी कठीण होती. चांदबीबीच्या वधानंतर १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेच्या हाती पडला. राजधानी गेली, राजा कैदेत गेला. अशा वेळी अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला मुर्तझा निजामशहा म्हणून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. राजा नावाचा राहिला आणि खरी सत्ता या हबशी वजिराची झाली. परांड्याहून राजधानी १६०७ मध्ये जुन्नरला आणि तेथून १६१० च्या सुमारास दौलताबादेस आली.

दौलताबादच्या पूर्वेला पाच कोसांच्या आत खडकी नावाचे एक खेडे होते. नावाप्रमाणेच जागा खडकाळ. उत्तरेस आणि दक्षिणेस डोंगर, मध्ये सपाटी आणि तिच्यातून वाहणारी खाम ही लहानशी नदी. ही नदी बारमाही मोठी वाहणारी नव्हे. अशा ठिकाणी अंबरने १६१० मध्ये शहराचा पाया घातला. त्याला याच मुलुखातली एक जुनी कथा ठाऊक असणारच. तीनशे वर्षांपूर्वी, १३२७ मध्ये, महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेस आणण्याचा हुकूम सोडला होता. माणसे आली, हाल सोसले आणि काही वर्षांत परत गेली. शहर केवळ हुकमाने वसत नाही, हे या मातीने एकदा पाहिले होते.

अंबरने माणसे बोलावली ती निराळ्या रीतीने. त्याच्या फौजेचा कणा मराठ्यांचा होता. त्या सरदारांना त्याने नव्या शहरात जागा दिल्या. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही वस्त्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठे सरदारांवरून पडली, असे सांगतात. त्याने मशिदी बांधल्या, वाडे बांधले. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये उभारलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे. याच काळात त्याने महसुलाची मक्तेदारी बंद करून जमिनीची प्रतवारी आणि पिकाची पाहणी करून धारा ठरवण्याची पद्धत घातली. मराठी मुलुखात ती मलिकंबरी या नावाने पुढे कित्येक पिढ्या ओळखली गेली. खेड्यातला कुणबी टिकला तर शहराचा बाजार टिकतो, हा हिशेब त्याला नेमका कळला होता.

परंतु या सर्वांहून मोठा प्रश्न पाण्याचा होता. विहिरींवर खेडे जगते, राजधानी जगत नाही. हजारो माणसे, घोडे, उंट, बागा आणि कारखाने यांना पाणी पुरवायचे कोठून? अंबरने नदीच्या वरच्या पाण्याकडे न पाहता तिच्या तळाखालच्या पाण्याकडे पाहिले. शहराच्या उत्तरेस हर्सूलच्या बाजूला जमीन उंच आहे. पावसाचे पाणी डोंगरातून झिरपत येते आणि नदीकाठच्या मुरुमात साठून राहते. तेथे जमिनीखाली चर खोदून हा झिरपा गोळा करायचा, तो दगड-चुन्याने बांधलेल्या बोगद्यातून अगदी हलक्या उताराने शहराकडे आणायचा, पुढे खापरी नळांतून वाटून हौदांत सोडायचा, अशी ही योजना होती. तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. वाटेत ठराविक अंतरावर खाली उतरण्याची तोंडे ठेवली, म्हणजे माणसाला आत जाऊन गाळ काढता यावा. नळांवर जागोजाग मनोरे बांधले, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब आवरता यावा. ना मोट, ना रहाट, ना बैल. पाणी आपल्याच वजनाने वाहत शहरात येई. जमिनीखालून आल्यामुळे ते उन्हाने आटत नसे आणि वरच्या घाणीपासूनही बरेचसे सुरक्षित राही.

ही कल्पना त्याला सुचली तेव्हा दरबारातल्या शहाण्यांनी तिची थट्टा केली, अशी आख्यायिका आहे. अर्थात ही विद्या जगात अगदी नवी नव्हती. इराणात अशा भूमिगत पाटांना कनात म्हणतात आणि ती कला फार प्राचीन आहे. बगदादेत तारुण्य घालवलेल्या अंबरच्या कानावर ती आली असावी, असा तर्क करता येतो. अहमदनगर शहरालाही निजामशाहीत खापरी नळांनी पाणी येत होते आणि ते तर अंबरने रोज पाहिले होते. गंमत अशी की, ज्या मोगलांशी त्याचे हाडवैर, त्यांच्या बुऱ्हाणपूर या ठाण्यातही अब्दुर्रहीम खानखानाच्या कारकिर्दीत १६१५ च्या सुमारास कुंडी भंडारा ही अशीच भूमिगत योजना झाली. रणांगणावर एकमेकांचा जीव घेणारे हे दोन मुत्सद्दी पाण्याच्या बाबतीत एकाच शाळेचे विद्यार्थी होते.

आणि त्याच खानखानाचा मुलगा शाहनवाजखान खडकीवर चालून आला. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे लढाई झाली. अंबरचे काही सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. अंबरचा मोड झाला. विजयी फौज खडकीत शिरली आणि सहा वर्षांचे ते कोवळे शहर तिने जाळून, पाडून टाकले. मोगल दरबारात जहांगीर बादशहाने अंबरच्या कापलेल्या शिरावर आपण बाण सोडत आहोत असे चित्र काढवून घेतले. प्रत्यक्षात ते शिर तेव्हा धडावर शाबूत होते आणि खडकी पुन्हा कशी उभी करावी याचा विचार करीत होते.

शहर जळाले की राजधानी दुसरीकडे हलवणे हा त्या काळचा रिवाज. अंबरने स्वतःही परांडा, जुन्नर अशी ठाणी बदललेली होती. तथापि खडकी त्याने सोडली नाही. नहर १६१७ च्या सुमारास पुरी झाली असे मानतात. म्हणजे वरची घरे राख झालेली असताना जमिनीखाली खोदकाम चालू होते किंवा नुकतेच संपत आले होते. १६२१ मध्ये शहाजादा खुर्रम, पुढचा शहाजहान, याच्या फौजेने खडकी पुन्हा उद्ध्वस्त केली. पुन्हा ती वसली. याचे कारण उघड आहे. शत्रूने दिसेल ते जाळले. पण शहराचे मर्म जमिनीखाली होते. घर वर्षा-सहा महिन्यांत बांधता येते, पाणी असेल तर माणूस परत येतो. आजकाल संकटातून सावरणाऱ्या शहरांची चर्चा विद्वानांच्या परिषदांतून होते. त्या चर्चेतला पहिला धडा या खडकाळ माळावर चारशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे.

पाण्याचे बळ अंबर किती ओळखून होता, हे १६२४ च्या भातवडीच्या लढाईतही दिसले. मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजा अहमदनगरजवळ उतरल्या असता त्याने भातवडीच्या तलावाचे पाणी सोडून शत्रूची वाट चिखलात बुडवली. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. हा अंबरचा अखेरचा मोठा विजय. मे १६२६ मध्ये, वयाच्या सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तो वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. जहांगीराने त्याला आयुष्यभर शिव्याशाप दिले. परंतु त्याच्या मृत्यूनंतर मोगल इतिहासकारालाही त्याच्या योग्यतेची कबुली द्यावी लागली.

त्याच्यानंतर मुलगा फतेखान याने शहराला फतेनगर असे नाव दिले. १६३३ मध्ये दौलताबाद पडले, १६३६ मध्ये निजामशाही संपली. औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना १६५३ मध्ये शहर औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, धनी बदलले. नहर मात्र प्रत्येकाने चालू ठेवली, इतकेच नव्हे तर तिच्या जोडीला नव्या नहरी काढल्या. अठराव्या शतकात पाणचक्कीवर अशाच आणलेल्या पाण्याने पिठाचे जाते फिरू लागले. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेला नळही याच जातीचा.

मग जे दोन मोगली फौजांना साधले नाही, ते कोणी साधले? आपल्याच विसाव्या शतकाने. घरोघर नळ आले आणि नहरीची आठवण कोणाला राहिली नाही. तिच्या अंगावर घरे चढली, मनोऱ्यांत झाडांची मुळे शिरली, तोंडे कचऱ्याने बुजली, कोठे सांडपाणी मिसळले. १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण झाले. तेथून पाणी विजेच्या पंपांनी शहरात चढवून आणावे लागते, आणि तरीही गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येत असल्याच्या बातम्या आपण वाचल्या. लाखो वस्तीच्या आजच्या शहराची तहान एकट्या नहरीने भागणार नाही, हे खरेच आहे. परंतु नवे आले म्हणून जुने बुजवावे, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे? घरात नवी सून आली म्हणून कोणी म्हाताऱ्या आईला बाहेर काढत नाही.

नहर तीनशे वर्षे चालली ती केवळ बांधकामाच्या बळावर नव्हे. दरवर्षी कोणीतरी त्या तोंडातून खाली उतरत होते आणि गाळ काढत होते. त्या माणसांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. शहर वसवणारा एक असतो; ते टिकवणारे पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

हिंगोली हा १९९९ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. आपली गावे वाढत आहेत, कयाधूकाठची वस्ती वाढत आहे. आपल्याकडे मलिक अंबरची नहर नाही, पण गावोगावी आड आहेत, बारवा आहेत, देवळांपुढची कुंडे आहेत. त्यांतली किती जिवंत आहेत आणि किती कचऱ्याने भरली आहेत, याचा नकाशा कोणी काढला आहे काय? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सात दिवस पाटी-फावडे घेऊन आपण गावात राहतोच. त्यातले दोन दिवस एका बारवेला दिले, तिची मोजमापे घेतली, गावातल्या वृद्धांना विचारून तिची हकिकत लिहून काढली, तर इतिहास विभागाला साधन मिळेल, भूगोल विभागाला नकाशा मिळेल आणि गावाला कदाचित पाणी मिळेल. बाजारात विकल्या गेलेल्या एका परदेशी मुलाने आपल्या मुलुखाच्या पोटातले पाणी शोधून काढले. ते सांभाळण्याचे काम तरी या मातीत जन्मलेल्यांनी अंगावर घ्यावे.