पाषाणातील अरण्य

वाटेने चालताना पायाला दगड लागला, म्हणजे आपण तो बाजूला सारून पुढे जातो. परंतु अशाच दगडांच्या सान्निध्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, असे एक थोर शास्त्रज्ञ आपल्या देशात होऊन गेले. त्यांचे नाव प्राध्यापक बिरबल साहनी.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. त्यांचे वडील रुचीराम साहनी लाहोरच्या सरकारी महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलांना बरोबर घेऊन ते हिमालयात दूरवर पायी हिंडत. बर्फाच्छादित शिखरे, खोल दऱ्या आणि देवदारांची निःशब्द वने यांचा सहवास बिरबलांना असा लहानपणीच लाभला.

१९११ साली ते केंब्रिजला गेले. तेथे प्राध्यापक सीवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पुरावनस्पतिशास्त्राचा, म्हणजे प्राचीन काळी पृथ्वीवर असलेल्या वनस्पतींचा अभ्यास आरंभिला. १९१९ साली ते स्वदेशी परतले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

नागपूर आणि छिंदवाडा या भागांतील दगडांनी त्यांचे लक्ष विशेष वेधून घेतले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर तप्त लाव्हारसाचे एकामागून एक थर पसरत होते. परंतु दोन थरांच्या मध्ये दीर्घ शांततेचा काळही येई. त्या काळात तळी साचत, काठी वृक्ष वाढत. पुढे नवा लाव्हा येऊन हे सारे झाकून टाकी. तत्पूर्वी तळ्याच्या पाण्यात विरघळलेले गारगोटीचे द्रव्य वनस्पतींच्या पेशींत झिरपले होते. त्यामुळे त्या कुजल्या नाहीत. जशाच्या तशा पाषाण झाल्या. अशा दगडांत साहनींना ताडवर्गीय वृक्ष आढळले. आज भाताच्या खाचरात वाढवितात, त्या अ‍ॅझोला या इवल्याशा वनस्पतीची प्राचीन जातही त्यांना आढळली.

हे अवशेष पाहण्याची रीत मोठी चिकाटीची असते. दगडाचा पातळ काप काढावयाचा, तो घासत घासत इतका विरळ करावयाचा, की त्यातून प्रकाश आरपार जावा. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी दिसू लागते. किंचित उतावळेपणा झाला, तर कोट्यवधी वर्षे टिकलेली वस्तू क्षणात नष्ट व्हावयाची. म्हणून या कामाला हात स्थिर हवा आणि मनही स्थिर हवे.

राजमहाल टेकड्यांतील खडक याहूनही पुरातन आहेत. तेथील खोड, पाने आणि फुलांसारखे अवयव यांचे अवशेष तपासून, ते समग्र झाड कसे दिसत असेल याचे चित्र साहनींनी १९३२ साली उभे केले. त्या वनस्पतीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्वाचा बहुमान दिला.

या विद्येसाठी भारतात स्वतंत्र संस्था असावी, ही त्यांची तळमळ होती. त्याकरिता १९४६ साली त्यांनी व त्यांच्या पत्नी सावित्री यांनी आपला ग्रंथसंग्रह, जीवाश्मांचा संग्रह आणि मालमत्ता अर्पण केली. संस्थेची कोनशिलाही साहनींनी आगळी घडविली. निरनिराळ्या युगांतील जीवाश्म तिच्यात बसविले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ती बसविण्यात आली.

त्यानंतर अवघ्या एका सप्ताहात, १० एप्रिल रोजी, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. ज्यांनी कोटी कोटी वर्षांचा हिशेब केला, त्यांना स्वतःस अठ्ठावन्न वर्षेही लाभली नाहीत. परंतु सावित्री साहनी खचल्या नाहीत. संस्थेचा भार त्यांनी शिरावर घेतला आणि जानेवारी १९५३ मध्ये नव्या वास्तूचे उद्घाटन झाले. लखनौ येथील ही संस्था आज साहनींच्याच नावाने ओळखली जाते.

निसर्गाला घाई नसते. एका पानाचा पाषाण होण्यास आणि त्या पाषाणाने आपली कथा सांगण्यास अनेक युगे जावी लागतात. ती कथा ऐकावयाची, तर मनुष्याने क्षणभर आपली धावपळ थांबविली पाहिजे. साहनी असे थांबले, म्हणून मुक्या दगडातील अरण्य जगाला दिसले.