रात्रीचं बोलावणं नको म्हणून

आमच्या वॉर्डात रात्रपाळीची निवासी डॉक्टर कधी कधी कोपऱ्यात उभी राहून घरी फोन लावते. बाळ झोपलं का, दूध प्यायलं का, एवढंच विचारायचं असतं. अशा वेळी मला ए. ललिता आठवतात. भारतातल्या या पहिल्या महिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर खरं तर डॉक्टर व्हायच्या, पण नेमक्या याच कारणाने झाल्या नाहीत.

जन्म २७ ऑगस्ट १९१९, मद्रासमधल्या तेलुगू घरातला. भावांनी इंजिनिअर व्हायचं, बहिणींनी जेमतेम शिकून सासरी जायचं, अशी घरची रीत. वडील पप्पू सुब्बा राव गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, तरी ललिता यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. त्यानंतरही दहावीपर्यंत तरी शिकू द्या, एवढा आग्रह वडिलांनी धरला. १९३७ मध्ये मुलगी झाली. ती चार महिन्यांची असताना नवरा गेला. ललिता तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. घरातल्या कुणा आजीचं लाल आलवण ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना विधवेच्या वाट्याला काय येई ते वेगळं सांगायला नको.

त्या माहेरी परतल्या आणि शिकायचं ठरवलं. वैद्यकीचा विचार झाला. त्या क्षेत्रात बायका होत्याही. पण डॉक्टरला मध्यरात्री बोलावणं येणार, मग तान्ह्या मुलीला टाकून जायचं कसं? त्यांना ठरावीक वेळेची नोकरी हवी होती, म्हणून इंजिनिअरिंग. आपल्या आनंदीबाई जोशी दहा दिवसांचं बाळ गमावून डॉक्टर झाल्या. ललितांनी हातातल्या बाळासाठी डॉक्टरकी सोडली. ‘बाळाकडे कोण बघणार’ या प्रश्नाने आजही किती मुलींना यंत्रांपासून दूर ठेवलं जातं. ललितांना त्याच प्रश्नाने यंत्रांकडे नेलं.

इंटरमिजिएट पहिल्या वर्गात पास झाल्यावर वडिलांनी प्राचार्य आणि शिक्षण संचालकांची परवानगी मिळवली. १९४० मध्ये शेकडो मुलग्यांत ही एकटी मुलगी. मुलगी भावाच्या घरी. तिची भेट सुट्टीच्या दिवशी. अभ्यासाचं त्यांना कधी ओझं वाटलं नाही, वसतिगृहातला एकटेपणा मात्र जड गेला. मग वडिलांनी मुलींसाठीही प्रवेश खुले असल्याची जाहिरात करायला लावली आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया स्थापत्य शाखेत दाखल झाल्या. पदवीपत्राच्या इंग्रजी मजकुरात ‘तो’ छापलेलं होतं. ते खोडून ‘ती’ करावं लागलं.

जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी झाली, मग सिमल्यात सरकारी नोकरी. पुढे कलकत्त्यात असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे करण्यात जवळपास तीस वर्षं गेली. भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा वाटा होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा त्या स्वतःच्या हिमतीवर गेल्या.

१९७९ मध्ये, साठी गाठताच, मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याने त्यांचा मृत्यू झाला. रक्तवाहिनीची भिंत एखाद्या जागी पातळ होऊन फुगते. फुटेपर्यंत बहुतेकदा काहीच जाणवत नाही. ललिता निवृत्त होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.