थापटण्याचा अधिकार : संत गोरोबाकाका

चैत्र वद्य त्रयोदशी हा संत गोरा कुंभार यांच्या समाधीचा दिवस. शके 1239 मध्ये, म्हणजेच 1317 साली, तेर येथे त्यांनी देह ठेवला, असे वारकरी परंपरा मानते. आमोणे गावापासून जवळच असलेल्या साखळीच्या विठ्ठलापुरात विठ्ठलाचा चैत्रोत्सव होतो, तो याच महिन्यात. डिचोलीच्या कुंभारवाड्यातील चाकेही पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली आहेत. विठ्ठल आणि माती या दोन्हींशी नाते असलेल्या या तालुक्याला गोरोबाकाकांचे चरित्र परके वाटू नये.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे प्राचीन नगर. ग्रीक प्रवासवर्णनात तगर या नावाने त्याचा उल्लेख येतो. सातवाहन काळात तेथून दूरदेशी व्यापार चाले. तेथील भूमीतून निघालेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती व वस्तू आजही गावच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. गोरोबांच्या जन्मापूर्वी हजार वर्षांहून अधिक काळ तेथे माती घडत होती आणि भाजली जात होती.

या गावी माधवबुवा व रखुमाई या कुंभार दांपत्याच्या पोटी 1267 मध्ये गोरोबांचा जन्म झाला, असे सांगितले जाते. आधीची आठ अपत्ये दगावली होती. विठ्ठलाने ब्राह्मणाच्या रूपाने येऊन पुरलेली मुले जिवंत केली आणि गोरीतून वर आला म्हणून शेवटचा गोरा ठरला, अशी आख्यायिका आहे. वयाने ते नामदेवांहून तीन आणि ज्ञानेश्वरांहून आठ वर्षांनी मोठे. संतमेळ्यात सर्वांनी त्यांना काका म्हटले, ते या वडीलकीमुळे.

त्यांनी घरादाराचा त्याग केला नाही. माती आणावी, खडे वेचून ती भिजवावी, पायांनी तुडवावी, चाकावर भांडे उतरवावे, थापटण्याने ठोकून त्याला आकार द्यावा, सुकल्यावर आव्यात भाजावे आणि बाजारी न्यावे, हा त्यांचा दिनक्रम होता. ओठी विठ्ठलाचे नाम असे. पुढील काळात जर्मनीच्या ऱ्हाईन खोऱ्यातील कुंभार लाकडाच्या प्रखर भट्टीत मीठ टाकून भांड्यांवर काचेसारखी झिलई चढवू लागले. त्यासाठी सुमारे 1200 अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक उष्णता लागते आणि मातीही तशीच कणखर असावी लागते. आपल्याकडचा उघडा आवा त्या मानाने सौम्य. त्यातून निघालेले मडके सच्छिद्र राहते, पाणी किंचित पाझरते आणि त्या ओलाव्याच्या बाष्पीभवनामुळेच आतले पाणी गार होते. गोरोबांची भांडी या सौम्य आव्यातली. त्यांच्या वाट्याला आलेला जीवनाचा आवा मात्र तसा नव्हता.

एके दिवशी पत्नी संती तान्हे मूल अंगणात ठेवून पाण्यास गेली. गोरोबा नामाच्या तंद्रीत माती तुडवीत होते. मूल रांगत त्या चिखलात आले आणि पायांखाली तुडवले गेले. त्यांना भान नव्हते. परतलेल्या मातेने आक्रोश केला आणि ज्याच्या नादाने हे घडले त्या विठ्ठलालाच दोष दिला. तंद्री मोडलेले गोरोबा तिच्यावर धावून गेले, तेव्हा तिने त्यांना विठ्ठलाचीच शपथ घालून स्पर्श करण्यास मनाई केली. भक्तिकथा असूनही परंपरेने हा प्रसंग सौम्य केलेला नाही. मातेचा संताप तिने झाकला नाही आणि संताच्या हातून झालेला अपराधही लपवला नाही.

गोरोबांनी ती शपथ अक्षरशः पाळली. वंश खुंटू नये म्हणून संतीने आपली धाकटी बहीण रामी हिच्याशी त्यांचा विवाह लावून दिला. परंतु दोघींना समान वागवावे, असे सासऱ्याने सांगताच शपथ दोघींनाही लागू झाली. पुढे दोघींनी निद्रिस्त पतीचे हात आपल्या अंगावर ठेवून घेतले. जागे होताच, ज्या हातांनी शपथ मोडली ते हातच त्यांनी तोडले. कुंभाराचे हात गेले म्हणजे त्याचे चाक थांबले, चूल विझली. त्या वेळी विठ्ठलाने मजुराच्या रूपाने त्यांच्या घरी येऊन मडकी घडवली, असे कथा सांगते. पुढे पंढरपुरात आषाढीला नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांना हात परत मिळाले आणि मूलही रांगत आले. कथेचा शेवट असा गोड होतो. तरी श्रोत्याच्या मनात संतीचा तो आक्रोशच अधिक काळ राहतो.

त्यांच्या चरित्रातील दुसरा प्रसिद्ध प्रसंग संतांच्या परीक्षेचा. संतमंडळी घरी जमली असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातील थापटण्याविषयी विचारले आणि कोणते मडके कच्चे ते पाहण्यास सुचवले. पक्के भाजलेले मडके टिचकीसरशी खणखणते, कच्चे किंवा चिरलेले बद्द वाजते, हे कुंभाराचे रोजचे ज्ञान. गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारले. इतरांनी ते निमूट सोसले. नामदेव रुष्ट झाले आणि कच्चे ठरले. दुखावलेले नामदेव पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले व त्यांना गुरू लाभला. जन्म आणि पांडित्य यांवर माणसाची प्रत ठरवणाऱ्या त्या काळात संतांची पारख एका कुंभाराकडे सोपवली गेली आणि त्याचा निर्णय मान्य झाला. या प्रसंगाचे मोल त्यातच आहे.

गोरोबांच्या नावावरचे अभंग अवघे वीसेक आहेत. त्यांच्या हयातीतच ज्ञानेश्वर व मुक्ताबाई गेले, 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि त्यांच्या समाधीच्या सुमारास यादवांचे राज्य संपले. राज्य गेले, पण कुंभाराची कथा टिकली. तमिळमध्ये 1948 साली ‘चक्रधारी’ आणि कन्नडमध्ये 1974 साली ‘भक्त कुंबार’ हे चित्रपट तिच्यावर निघाले.

गोव्यात चतुर्थीच्या आरतीला जो घुमट वाजतो, त्याचे अंग कुंभाराच्याच चाकावर तयार होते. राज्य शासनाने 2019 मध्ये त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. मातीचा तो घट नीट भाजला गेला असेल तरच नाद देतो. गोरोबाकाकांनी माणसांची पारख केली, ती याच कसोटीवर.