हिशेब मागणारे बाबासाहेब



चवदार तळे, राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा आपल्या पोरांना तोंडपाठ असते. ते योग्यच आहे. पण सरकारी तिजोरीचा हिशेब मागणारे बाबासाहेब आपल्या वस्तीत कमी जणांना ठाऊक आहेत. म्हणून त्याच अंगाने आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात मांडतो.

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडनला. शिकले अर्थशास्त्र. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ मध्ये प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर त्यांचे ग्रंथ निघाले. कर कोण भरतो अन् पैसा जातो कुठं, हे त्यांनी मुळापासून तपासले.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात बसले आणि पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलले. व्यापाऱ्याचे उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असेल तर त्याला आयकर माफ. पण एक-दोन बिघ्यांच्या शेतकऱ्याला शेतसारा माफ नाही, पीक येवो की न येवो! हा अन्याय त्यांनी सभागृहापुढे ठेवला. त्याच वर्षी शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी आकडेच मांडले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूवरील कराचे माणशी दोन रुपयांहून जास्त घेते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती.

१९२८ मध्ये गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा व भत्ता मिळावा म्हणून ते कौन्सिलात उभे राहिले. १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा त्यांनी मुंबईत कौन्सिलावर नेला.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यातून खाणकामगारांच्या कल्याणाचा निधी १९४४ मध्ये उभा राहिला. १९४६ मध्ये अभ्रकासाठीही तसाच कायदा झाला. जमिनीच्या पोटातली दौलत काढणाऱ्याला त्यातला वाटा मिळू लागला. दामोदर आणि महानदीच्या पाण्याच्या योजनाही त्यांच्याच खात्याने हाती घेतल्या. कारखान्यात आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ च्या कायद्याने, अन् ते विधेयकही त्यांनीच मांडले होते. गिरणीत राबलेल्या आम्हाला त्या सहा तासांची किंमत कळते.

पुढे राज्यघटनेत कायद्याशिवाय कर नाही, केंद्र-राज्यांच्या वाटणीसाठी वित्त आयोग आणि खर्च तपासणारा स्वतंत्र महालेखापरीक्षक, अशा तरतुदी झाल्या. या लेखापरीक्षकाचे पद बाबासाहेबांना फार मोलाचे वाटे. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आपल्या विहाराच्या सभेत जमाखर्च वाचायला घेतला की आम्ही सगळे चहाला उठतो. नगरपालिकेचे अंदाजपत्रक तर कोणी बघतही नाही. मग गटाराचा अन् शाळेचा पैसा कुठं गेला हे विचारणार कोण? या वर्धापनदिनापासून आम्ही हिशेब संपेपर्यंत जागेवर बसू या. पोरांनाही शेजारी बसवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!