शोकात न ढळलेला विश्वास : पंडिता रमाबाई यांचे चरित्र



दरवर्षी आषाढी वारीच्या दिवसांत नातेपुत्याच्या रस्त्याने हजारो स्त्रीपुरुष पायी पंढरपुराकडे जातात. ऊनपाऊस सोशीत देवाच्या शोधार्थ चालणे म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणास शिकवावे लागत नाही. अशाच एका चालत्या कुटुंबात वाढलेल्या मुलीचे चरित्र आज सांगावयाचे आहे. तिचे नाव रमा. पुढे साऱ्या जगाने तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये अशी त्या काळची रूढी असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, व आईने ते मुलीस दिले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थोतीर्थी पायी फिरे, आणि पुराण सांगून जे मिळेल त्यावर निर्वाह करी.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे होते नव्हते ते संपले. अंगमेहनतीची सवय नाही, आणि भीक मागण्याची लाज, अशा स्थितीत त्या सर्वांनी पाणी, झाडपाला व रानफळे यांवर दिवस काढले. प्रथम वडील गेले, थोड्याच आठवड्यांनी आई गेली, व काही महिन्यांत थोरली बहीणही गेली. आईचा देह उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात. तेव्हा रमेने स्वतः खांदेकऱ्यांत उभे राहून तिरडीचा भार वाहिला. उंची कमी पडल्यामुळे तो तिला डोक्यावर घ्यावा लागला. त्या वेळी तिचे वय अवघे सोळा वर्षांचे होते.

उरली ती दोन भावंडे, श्रीनिवास व रमा. अर्धपोटी, अनवाणी ती हिंदुस्थानभर फिरली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नसल्याने वाळूत खड्डे खणून त्यांनी आपणांस कोरड्या वाळूने झाकून घेतले. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमेची विद्वत्ता पाहून तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० साली भाऊही निवर्तला. त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ त कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ त पटकीने पतीचा अंत झाला. चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच बाई विधवा झाल्या. पदरी तान्हे मूल, आणि माहेरचे असे कोणीही उरलेले नाही.

आसामातील सिलचर येथे पतीच्या पुस्तकसंग्रहात त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत सापडली होती. ते बीज तेथेच पडले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या, आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. ज्या दिवसांत त्या अन्नावाचून मरणोन्मुख झाल्या होत्या, त्या दिवसांत त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पंडितांच्या सभांत मान मिळाल्यावर झाल्या, व त्यामुळे तो मान बहुतांशी गमावून बसल्या. पोटासाठी धर्म सोडला, असा टोमणा ज्यास ऐकावा लागतो त्याने हे चरित्र आठवावे.

बाप्तिस्म्याने त्यांची दुःखे संपली असेही नाही. वैद्यकी शिकण्याचा त्यांचा बेत होता, पण बहिरेपणाने तो मोडला. अंतःकरणाची शांतीही त्यांस लगेच लाभली नाही. अनेक सिद्धांतांविषयी शंका येत, आणि ज्या भगिनींनी त्यांस आश्रय दिला होता त्यांच्याशीही त्या मोकळेपणाने वाद करीत. केवळ ख्रिस्ती धर्म नव्हे, तर प्रत्यक्ष ख्रिस्त आपणांस लाभला, ही खात्री त्यांस सुमारे आठ वर्षांनी झाली. ज्यांची श्रद्धा मंद चालीने वाढते त्यांनी यावरून धीर धरावा.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ साली तेथील मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून मोठा गवगवा झाला. रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार दूर झाले, व पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. ज्यांच्यासाठी घर बांधले त्यांनीच ते सोडावे, हे दुःख मरणाच्या दुःखाहून लहान नव्हे. तरी बाईंनी सदन बंद केले नाही.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील भुकेल्या मुलींची वार्ता ऐकताच आपल्या तरुणपणीचे ते रान व ते उपाशी दिवस बाईंना आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या व सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींस ठेवता येईना, म्हणून केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील तेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या दुष्काळात गुजराथेतूनही मुली आल्या, आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे दळण, विणकाम, शेती व छपाई शिकवीत. उच्चकुळाच्या अभिमानाने ज्यांच्या घरी कोणी हातास काम लावले नाही, त्यांच्याच मुलीने शेकडो अनाथांस कष्टाची भाकर खावयास शिकविले.

वृद्धपणी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून खेड्यातील बायांस समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. ते काम चालू असताच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. आईचा सारा भार उचलणारी, मुक्तीची पुढची आशा ती हीच. आईबाप, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती कन्या! तरी बाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम टाकले नाही. ते संपवूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. तो ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. मुक्ती मिशनचे कार्य आजही केडगावी चालू आहे.

बंधुभगिनींनो, घरात मृत्यू झाला, पीक बुडाले की कोणी विचारील, तुमच्या देवाने तुम्हांस काय दिले? रमाबाईंचे चरित्र त्याचे सोपे उत्तर देत नाही. देवाने त्यांच्यावरील एकही मृत्यू टाळला नाही. परंतु प्रत्येक दुःखातून त्यांस दुसऱ्याच्या दुःखाचे दार दिसले, व ते उघडण्याचे बळ मिळाले. उपाशी राहिलेलीने उपाश्यांस जेवू घातले. विधवेने विधवांस घर दिले. ईयोबाप्रमाणे सर्व गमावूनही त्यांनी प्रभूचा हात सोडला नाही.

म्हणून ज्या घरी आज शोक आहे तेथे उपदेशकांनी लांबलचक बोलू नये. जवळ बसावे, प्रार्थना करावी, आणि हळूच विचारावे की, ह्याच दुःखाने पोळलेले दुसरे घर गावात कोणते आहे? मग त्या घरी दोघांनी मिळून जावे.