आगाखान आणि दुष्काळात उभा राहिलेला वाडा

रमजान हा रोज्यांचा महिना, तसाच हिशेबाचाही. वर्षभर साठलेल्या बचतीतून अडीच टक्के जकात बाजूला काढायची, ईदच्या नमाजाआधी फित्रा द्यायचा आणि त्यापलीकडे जमेल तेवढा सदका करायचा, ही मुस्लिम घरांतली या महिन्याची रीत. सदक्याचा एक प्रकार विशेष मानाचा समजला जातो. त्याला सदका-ए-जारिया म्हणतात. देणारा जगातून गेल्यावरही ज्याचा उपयोग थांबत नाही, असे हे दान. कोणी विहीर खोदून देतो, कोणी झाड लावतो, कोणी शाळा किंवा मुसाफिरखाना बांधतो.

विश्रांतवाडीहून येरवडा ओलांडून नगर रस्त्याला लागले की थोड्याच वेळात आगाखान पॅलेस येतो. महात्मा गांधींची स्थानबद्धता आणि कस्तुरबांची समाधी यांमुळे ही वास्तू साऱ्या देशाला माहीत आहे. पुण्यातल्या शाळांच्या सहली तिथे जातात. पण वाड्याला ज्यांचे नाव आहे ते आगाखान कोण आणि त्यांनी हा वाडा का बांधला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आगाखान ही पदवी. ती धारण करणारे पहिले गृहस्थ हसन अली शहा हे इराणी दरबारातील बडे सरदार आणि शिया पंथातील निझारी इस्माईली समाजाचे इमाम. शहाशी बिनसल्यावर ते १८४०च्या दशकात हिंदुस्थानात आले आणि पुढे मुंबईत स्थिरावले. सिंध, कच्छ, काठियावाड आणि मुंबईतील खोजा व्यापारी हे त्यांचे अनुयायी. १८८१ साली त्यांचे निधन झाले. माझगावातील हसनाबाद येथे त्यांची कबर आहे. त्यांच्यानंतर इमाम झालेले अली शहा यांना जेमतेम चार वर्षे लाभली. ऑगस्ट १८८५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. इमामपदाची जबाबदारी आली त्यांच्या सात वर्षांच्या मुलावर. हेच सुलतान मोहम्मद शहा, तिसरे आगाखान. त्यांचा जन्म २ नोव्हेंबर १८७७ रोजी कराचीत झाला होता.

सात वर्षांच्या मुलापुढे वयोवृद्ध माणसे आदराने उभी राहू लागली. अशा मुलाचे डोके सहज फिरले असते. ते फिरू दिले नाही त्याच्या आईने. इराणच्या राजघराण्यातील या बाईंनी पतीच्या पश्चात मालमत्तेचा कारभार हाती घेतला आणि मुलाच्या शिक्षणात कसूर होऊ दिली नाही. अरबी, फारसी, इंग्रजी, गणित अशी शिकवणी घरीच चाले. कुटुंब थंडीत मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्यात राहायचे. पुणे हे अशा रीतीने त्यांच्या बालपणातले एक घर होते. १८९६ साली त्यांचे पहिले लग्नही पुण्यातच झाले.

दख्खनच्या पठारावरचा तो काळ दुष्काळांचा होता. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने पुणे, नगर, सोलापूर हे जिल्हे पिळून काढले होते. त्यातून सावरलेला शेतकरी पुन्हा एका पावसाच्या हुलकावणीने कोलमडत असे. येरवड्याच्या वाड्याचे साल १८९२ असे दिले जाते. आसपासच्या गावांतील उपाशी लोकांना काम मिळावे म्हणून तो बांधायला काढला, सुमारे हजार माणसे त्यावर राबली, काम पाच वर्षे चालले आणि बारा लाख रुपये खर्च आला, अशी माहिती वाड्याच्या इतिहासात सांगितली जाते. त्या वेळी आगाखान पंधरा वर्षांचे होते. तेव्हा या निर्णयात त्यांच्या आईचा आणि कारभाऱ्यांचा वाटा असणारच.

उपाशी माणसाला धान्य वाटण्याऐवजी काम देऊन मजुरी देण्याची रीत या देशाला नवी नव्हती. लखनौचा बडा इमामबाडा नवाब आसफ-उद-दौला यांनी १७८४च्या दुष्काळात याच कारणाने बांधायला घेतला. जोधपूरचा उमेद भवन पॅलेस १९२९ साली सुरू झाला, तोही दुष्काळी काम म्हणूनच. महाराष्ट्रात १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेलेली माणसे हयात आहेत आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. कामाच्या मोबदल्यात पैसे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताला कळू नये, ही दानाबाबतची इस्लामी शिकवण घेणाऱ्याची इज्जत राखण्यासाठीच आहे. मजुरीत तर दान हा शब्दही उच्चारावा लागत नाही.

तरी एक प्रश्न उरतोच. लोक उपाशी असताना वाडा कशाला? त्याच पैशात विहिरी खोदता आल्या असत्या. इटालियन धाटणीच्या कमानी, चारही बाजूंनी फिरणारा रुंद व्हरांडा, उंच छत, भोवती पसरलेली हिरवळ हे सारे ज्यांनी दगड वाहून उभे केले, त्यांना ते पूर्ण झाल्यावर आत पाऊल टाकता आले नसणार. चूल पेटली हे खरे, घर मात्र मालकाचेच राहिले. आगाखानांच्या पुढच्या आयुष्यातही हा ताण दिसत राहतो. एका बाजूला अफाट वैभव आणि दुसऱ्या बाजूला त्या वैभवाने कोणाच्या तरी उपयोगी पडावे ही धडपड.

१८९७ साली प्लेगने मुंबई आणि पुणे हादरले. पुण्यातल्या घरझडतीचा जाच आणि त्यापाठोपाठ रँडचा वध मराठी वाचकाला माहीत आहे. मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती, पण लोक टोचून घ्यायला तयार नव्हते. एकोणीस-वीस वर्षांच्या आगाखानांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांना तसेच करायला सांगितले. हजारो खोजांनी ते ऐकले. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी मुंबईतला आपला खुशरू लॉज हा बंगलाही दिला. राहत्या वास्तूचे दार लोकांच्या कामासाठी उघडण्याची ही त्यांची पहिली ठळक खूण.

राजकारणातले त्यांचे स्थान मात्र वादातीत नाही. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात गेले. तिथे त्यांचा गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी स्नेह जुळला आणि तो अखेरपर्यंत टिकला. गोखल्यांनी मृत्यूपूर्वी लिहिलेला सुधारणांचा मसुदा १९१७ मध्ये आगाखानांनीच प्रसिद्ध केला. पण १९०६ साली सिमल्याला व्हाइसरॉयकडे स्वतंत्र मतदारसंघ मागायला गेलेल्या मुस्लिम शिष्टमंडळाचे नेतेही तेच होते आणि मुस्लिम लीगचे पहिले अध्यक्षही तेच. त्या मागणीतून पुढे काय काय निघाले, याचा हिशेब हा देश आजही मांडतो. त्यांच्या चाहत्यांनाही हे पान गाळता येत नाही. त्याच वर्षांत शौकत अलींना बरोबर घेऊन त्यांनी अलिगढच्या विद्यापीठासाठी देशभर निधी जमवला. मुलगा आणि मुलगी यांपैकी एकालाच शिकवणे परवडत असेल तर मुलीला शिकवावे, असा त्यांचा आपल्या समाजाला आग्रह होता. १९३७ साली ते राष्ट्रसंघाच्या महासभेचे अध्यक्ष झाले.

या माणसाचे छंदही त्याच्या संपत्तीला साजेसे होते. त्यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली. आयुष्याचा मोठा भाग युरोपात गेला. इमामपदाला पन्नास वर्षे झाल्यावर १९३६ साली हसनाबादला अनुयायांनी त्यांची सोन्याने तुला केली. साठ वर्षांनिमित्त १९४६ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिऱ्यांनी तुला झाली. वृत्तपत्रांतून जगभर झळकली ती तराजूतली छायाचित्रे. त्या पैशाचे पुढे काय झाले, ते फारसे छापून आले नाही. हिमालयाच्या कुशीत गिलगिट-हुंझा भागात त्यातून शाळा निघाल्या आणि पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना घरासाठी कर्ज देणारी संस्था उभी राहिली.

येरवड्याच्या वाड्याच्या नशिबी मात्र वेगळेच होते. १९३१ साली लंडनच्या गोलमेज परिषदेत गांधीजी आणि आगाखान समोरासमोर बसले होते. आगाखान मुस्लिम प्रतिनिधींचे नेते होते. बोलणी झाली, तडजोड झाली नाही. अकरा वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या गांधीजींना सरकारने आणून ठेवले ते याच आगाखानांच्या वाड्यात. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला महादेवभाई देसाई तिथे गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी याच वाड्यात एकवीस दिवसांचा उपवास केला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी इथेच देह ठेवला. दोघांवर अंत्यसंस्कार वाड्याच्या आवारातच झाले. ६ मे १९४४ रोजी गांधीजी सुटले, ते पत्नी आणि मुलासारखा सहकारी यांना तिथे ठेवून.

आगाखानांचे निधन ११ जुलै १९५७ रोजी स्वित्झर्लंडमध्ये झाले. त्यांची कबर इजिप्तमध्ये अस्वान येथे नाईल नदीच्या पश्चिम काठावरच्या टेकडीवर आहे. कैरो शहर वसवणारे फातिमी खलिफा हे त्यांचे पूर्वज मानले जातात. त्याच फातिमी शैलीत, गुलाबी दगडात, फरीद शाफेई या इजिप्शियन वास्तुविशारदाने ती बांधली. मृत्युपत्रात त्यांनी मुलांना बाजूला ठेवून हार्वर्डमध्ये शिकणारा वीस वर्षांचा नातू करीम याला वारस नेमले होते. चौथे आगाखान झालेल्या या नातवाने गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, येरवड्याचा वाडा भारतीय जनतेला देऊन टाकला. आपल्याला नको असलेले द्यावे याला दान म्हणत नाहीत, प्रिय असेल ते द्यावे, असे इस्लाम सांगतो. दुष्काळात ज्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले, त्यांची नातवंडे-पतवंडे त्या दिवसापासून हक्काने आत जाऊ लागली.

आवारातल्या समाधीस्थळाची रचना चार्ल्स कोरिया यांची. साबरमतीचे गांधी संग्रहालयही त्यांनीच घडवले. वाड्याच्या कमानींचा थाट तिथे नाही. सारे बुटके, साधे, उघड्या आकाशाखाली. एकाच आवारात राजेशाही आणि साधेपणा अशा दोन वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत.

कोरिया यांचा आगाखान घराण्याशी पुढेही संबंध आला. १९७७ साली करीम आगाखान यांनी वास्तुकलेचा एक जागतिक पुरस्कार सुरू केला. तो दर तीन वर्षांनी दिला जातो. इमारत दिसते कशी यासोबत ती वापरणाऱ्यांचे जगणे सुधारले का, हे त्यात पाहिले जाते, आणि पुरस्काराचे श्रेय व रक्कम वास्तुविशारदापुरती न ठेवता बांधून घेणारे, गवंडी आणि कारागीर यांनाही मिळू शकते. १९९८ साली भोपाळच्या विधान भवनासाठी कोरिया यांना हा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो महाराष्ट्रातही आला. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात नॉर्वेच्या दोन तरुण वास्तुविशारदांनी कुष्ठरुग्णांसाठी बांधलेले साधे, कमी खर्चाचे रुग्णालय त्याचे मानकरी ठरले. ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवते, त्यांच्यासाठी अंगणाभोवती बांधलेली ती वास्तू विधान भवनाच्या पंगतीत बसली.

या पुरस्काराच्या यादीत उंच मनोरे आहेत, तशी मातीची कामेही आहेत. बुर्किना फासोतील गांडो गावात फ्रान्सिस केरे यांनी गावकऱ्यांच्या हातांनी मातीच्या विटांची शाळा उभी केली. तिला २००४ साली पुरस्कार मिळाला. त्याच केरे यांना २०२२ मध्ये वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर सन्मान लाभला. ढाक्यात मरिना तबस्सुम यांनी बांधलेल्या बैत-उर-रऊफ मशिदीला २०१६ साली हा पुरस्कार मिळाला. तिला घुमट नाही, मिनार नाही. नुसती वीट आणि वरून झिरपणारा उजेड. त्या मशिदीची जागा मरिना यांच्या आजीने दान दिलेली होती.

दुष्काळी मजुरांच्या वाड्यापासून गांडोच्या शाळेपर्यंत पसरलेला हा धागा तिसऱ्या आगाखानांनी आधी आखून ठेवलेला नव्हता. त्यांच्या आयुष्यात चुका होत्या, ऐश्वर्य होते, आणि दिलेल्या गोष्टीही होत्या. माणूस गेल्यावर यातले काय टिकले, हे पाहायला विश्रांतवाडीकराला अस्वानपर्यंत जावे लागत नाही. वाड्याच्या व्हरांड्यात आज शाळेची मुले रांगेने फिरतात. समाधीपाशी येणारे चपला बाहेर काढून ठेवतात. त्यांना कोणी जात विचारत नाही की धर्म. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या भिंतींनी काही घरांतली चूल पेटती ठेवली. आता त्याच भिंती साऱ्या गावाच्या झाल्या आहेत. सदका-ए-जारिया यालाच म्हणतात.